अंजनगावच्या फलाटावरची रांग

मुर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेजवर मी गार्ड होतो. दोन रुळांत अडीच फुटांची फट, 76 किलोमीटरचं अंतर आणि पोचायला चार तास. सारं वऱ्हाड तिला शकुंतला म्हणतं. आता ती धावत नाही. पण एक दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

गार्ड म्हटलं की लोकांना हिरवी झेंडी आठवते. आमच्याकडे तिकिटंही गार्डच विकायचा, कारण मधल्या स्टेशनांवर रेल्वेचा माणूसच नसायचा. फाटकांचं तेच. गाडी फाटकाअलीकडे उभी करायची, आमच्यातल्या एकानं उतरून फाटक लावायचं, गाडी पार झाली की उघडायचं आणि धावत येऊन चढायचं. 1994 साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं, पण फाटकांचं हे काम तसंच राहिलं. एवढ्यात पाथ्रोटला साठ माणसं चढली तर मी किती तिकिटं देणार? पंधरा, फार तर वीस. बाकीचे तसेच जायचे.

एका सोमवारी वरून एक साहेब आले. आमची ही शाखा-लाइन तोट्यात आहे, चालवायची की बंद करायची हे ठरवायला प्रवासी आणि विक्री मोजायची होती. बातमी आमच्या आधी गावोगाव पोचली होती. अंजनगावला गाडी लागली तर फलाटावर चक्क रांग. डोक्यावरच्या विड्याच्या पानांच्या टोपल्या खाली ठेवून लोक हातात सुटे पैसे धरून उभे. पुढे एक म्हातारी होती, पानपिंपरीची, म्हणजे औषधी पिंपळीची, पिशवी काखेत घेऊन. "गार्डसायेब, मले पयले द्या. आपली गाडी बंद नाई पडली पायजे." तिनं कनवटीची नोट काढली. चार घड्या घातलेली, घामानं मऊ पडलेली. ती नीट सपाट करूनच तिनं माझ्या हातात दिली.

पुठ्ठ्याची तिकिटं संपली. मग कोऱ्या तिकिटांचं पुस्तक काढलं. खाली कार्बन ठेवायचा, कुठून, कुठपर्यंत, माणसं किती, भाडं किती, तारीख, सही, हे प्रत्येकाचं हातानं लिहायचं. कार्बन सरकला तर खालच्या प्रतीवर आकडा उमटत नाही आणि रात्री हिशेब जुळत नाही. माझा जुळला, एका रुपयाचाही फरक नाही. गाडी चाळीस मिनिटं उशिरा निघाली. ड्रायव्हर कुरकुरला नाही, उलट माझ्या शेजारी येऊन सुटे मोजत बसला. असा जोडीदार मिळायला नशीब लागतं.

साहेबांनी विचारलं, "रोज एवढी विक्री होते?"

मी म्हणालो, "माणसं रोज एवढीच असतात, साहेब. तिकिटं आज काढली. रोज सगळ्यांना देणं एकट्याला जमत नाही."

त्यांनी विक्रीचा आकडा लिहिला आणि पुढे शेरा मारला, 'अपवादात्मक दिवस'. माणसं रोज एवढीच असतात, हे लिहिलं नाही. "होय, रोज होते" असं म्हणालो असतो तर? खोटं ठरलं असतं. पण माझं खरंही अर्धंच कागदावर गेलं.

याच गाडीनं मुर्तिजापूरला उतरून मुंबईच्या गाडीत बसणारेही कितीतरी होते. त्यांचं मुंबईचं भाडं आमच्या शाखेच्या खात्यावर चढत नव्हतं. शाखा बंद झाली की तो माणूस एसटीनं अकोल्याला जाईल, नाहीतर जाणंच टाळेल. हा तोटा कुठल्या वहीत मांडतात? लोकांवरही माझा राग आहे. एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त तिकीट, तरी ज्यांना माझ्यापर्यंत येऊन मागता आलं असतं तेही वर्षभर गप्प बसून गेले आणि आपल्या हातानं गाडीचा आकडा खाली आणला.

मंगळवारी पुन्हा माझीच ड्युटी होती. अंजनगावला रांग नव्हती. म्हातारी मात्र घडी घातलेली नोट घेऊन आली. गाडी सुटायला दोन मिनिटं होती. तिचं तिकीट दिलं, शिट्टी वाजवली, तिच्या मागचे सतरा जण तसेच चढले.