वाटीभर नेट

दुपारी पावणेतीनला लाइट गेली. एप्रिल, सोलापूर, ४३ डिग्री. लाइट जाण्यात सांगण्यासारखं काही नाही. पंखा हळू होत होत एकेक पातं दाखवायला लागला आणि मी सवयीनं फोनमधली वायफायची यादी उघडली.

हा माझा एक चाळा आहे. लाइट गेली की लोक दारात येऊन ‘तुमची पण गेली का?’ विचारतात, मी यादी बघतो. आमच्या साखर पेठेतल्या घरातून एरवी चौदा-पंधरा नावं दिसतात. लाइट गेली की गल्लीतले राउटर पटापट माना टाकतात आणि नावं एकेक करून गळायला लागतात. जी टिकतात ती इन्व्हर्टरवाल्यांची. त्या दुपारी तीन टिकली. त्यातलं एक ज्यांचं, ते गृहस्थ गणपतीच्या वर्गणीला ‘यंदा लै ओढाताण आहे बघा’ म्हणत एकशे एकावर अडून बसले होते. चाळीस मिनिटं झाली तरी त्यांचं नाव जागचं हललं नाही. बॅटरी डबल असणार.

पूर्वी हे कानाला कळायचं. आमच्या या भागात घरोघरी माग. पहाटेपासून जो खडखडाट सुरू व्हायचा तो रात्रीपर्यंत, आणि त्या खडखडाटातच आम्ही पाढे पाठ केले, तापानं फणफणलो, परीक्षेचे अभ्यास केले. लाइट गेली की पंखा थांबायच्या आधी माग थांबायचे. गल्ली एकदम इतकी गप्प व्हायची, की पाळण्यात झोपलेलं मूल दचकून उठायचं. शांतता म्हणून जी काय असते ती आम्हाला लाइट गेल्यावरच भेटली. आता गल्लीत माग नाहीत. काही अक्कलकोट रोडला एमआयडीसीत गेले, काही भंगारात किलोवर गेले. त्यामुळे लाइट गेल्याचं कानाला कळत नाही, यादीला कळतं.

यादीतली नावं वाचण्यासारखी असतात. एकानं स्वच्छ ‘पासवर्ड मागू नये’ असंच ठेवलंय. एक ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’ आहे आणि त्याच्याच खाली ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न ५जी’. हे ५जी म्हणजे मोबाइलच्या जाहिरातीतलं नव्हे, पाच गिगाहर्ट्झचा पट्टा. पण मालक ते अभिमानानं मोबाइलचंच समजतात आणि मीही समजूत मोडायला जात नाही. एक नाव नुसते आकडे आहेत, कंपनीनं दिले तसे. त्या घरातल्या लोकांबद्दल मला थोडं वाईट वाटतं. घरात आलेल्या वस्तूला नाव ठेवावंसं न वाटणं म्हणजे काय.

खुद्द ‘वायफाय’ या शब्दाला काही अर्थ नाही. मूळ नाव ८०२.११, हे कुणाच्या तोंडी बसणार? म्हणून १९९९ मध्ये नावं पाडून देणाऱ्या एका कंपनीला पैसे देऊन हे नाव पाडून घेतलं. (वायफाय आणि वायफळ हा विनोद आमच्या घरात होऊन गेलेला आहे, पुन्हा करत नाही.) ब्लूटूथचं मात्र तसं नाही. ते दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून आलं. फोनवर ती जी काटकोळी खूण दिसते ना, ती त्याच्या नावाची दोन आद्याक्षरं एकात एक गुंफून केलेली आहे, जुन्या रून लिपीतली. हाराल्ड राजा. खिशाखिशात त्याची अक्षरं आहेत आणि वाचता कुणाला येत नाहीत.

तर लाइट गेली आणि माझा फोनही गेला. म्हणजे चालू होता, पण मुका. आमचं घर जुनं, धाब्याचं. भिंती दीड हात जाड, दगडमातीच्या. उन्हाळ्यात माजघर असं गार असतं, की पुण्याचे पाहुणे आल्या आल्या तिथेच आडवे होतात. आणि आडवे झाल्यावर दोन मिनिटांनी उठून बसतात, कारण माजघरात टॉवरची रेंज शून्य. अगदी शून्य. मेल्याची बातमीसुद्धा आत यायची नाही. २०१९ संपता संपता आपल्याकडे साधा कॉलही वायफायवरून लावायची सोय सुरू झाली, तेव्हा कुठे आमच्या माजघरात पहिल्यांदा फोन वाजला. आई दचकली. ती म्हणाली, ‘आत कसा काय वाजायलाय?’

म्हणजे आता भानगड अशी, की लाइट गेली की नेट जातं, आणि नेट गेलं की माजघरातला फोनही जातो. पूर्वी लाइट आणि फोन यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. काळा डबड्यासारखा फोन होता, तो अंधारातही वाजायचा.

राउटर बसवायला आलेल्या पोरानं भिंतीवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवून बघितलं होतं, वैद्य छाती वाजवतो तसं. म्हणाला, ‘काका, पाचवर टाकू नका. दोन पॉइंट चारवरच ऱ्हावा. तुमची भिंत लै जाड है.’ पाचचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. दोन पॉइंट चार सावकाश जातो, पण जातो. मला तो स्वभावानंच जवळचा वाटला. त्याच पोरानं गच्चीवरच्या टाक्यांकडे बोट दाखवून आणखी एक गोष्ट सांगितली, की पाणी या लहरी पिऊन टाकतं. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे गच्चीवर दोन मोठ्या काळ्या टाक्या, आणि त्यांच्या पलीकडे माझी संध्याकाळची खुर्ची. तेव्हापासून माझा असा सिद्धान्त आहे, की पाणी आलेल्या दिवशी खुर्चीवर रेंज कमी असते आणि चौथ्या दिवशी टाकी खडखडीत झाली की व्हिडिओ अडकत नाही. घरात हा सिद्धान्त कुणी मानत नाही. मी मोजमाप ठेवलेलं नाही, त्यामुळे भांडताही येत नाही.

आजोबांच्या ट्रंकेत रेडिओच्या लायसनचं बुक आहे. दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरायची, आत तिकिटं चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. नुसतं ऐकायला परवाना! बोलायचंसुद्धा नाही, नुसतं ऐकायचं. आणि आता माझा राउटर कोनाड्यात, जिथे पूर्वी चिमणी ठेवायचे तिथे बसून, रात्रंदिवस चारी दिशांना लहरी सोडतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. तो २.४ चा पट्टा सरकारनं २००५ मध्ये परवान्यातून मोकळा केला. मायक्रोवेव्हची भट्टीही त्याच पट्ट्यात काम करते, ब्लूटूथही तिथेच. एका गल्लीत सगळे, भांडत नि सांभाळून घेत. आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, ‘मग पोस्टात काय करतात आता?’

असो. माजघरात मुका फोन घेऊन बसण्यापेक्षा मी बाहेर कट्ट्यावर आलो. तिथे रेंज असते. उन्हाची तिरीप अजून पायरीवर होती. शेजारचा पोरगा, बारावी झालेला, आधीच येऊन बसला होता, फोनकडे बघत, चेहरा उपाशी.

‘ओ काका, जरा हॉटस्पॉट सोडा की.’

‘का रे? तुझं कुठं गेलं?’

‘माझा आजचा डेटा संपला. फॉर्म भरायचाय.’

सोडला. माझ्या पहिल्या फोनला विजेरी होती, वायफाय नव्हतं. ती विजेरी मी लाइट गेल्यावर गल्लीभर मिरवत असे. आताचा फोन टॉवरकडून नेट घेतो आणि अंगच्या वायफायनं दुसऱ्या चार जणांना वाटतो. खिशातला फोन गरम होतो, बॅटरी टकाटका उतरते, ते सगळं आपण सोसायचं. पासवर्ड मी तोंडानं सांगत नाही. तो काय आहे हे इथेही सांगणार नाही, पण साठीकडे झुकलेल्या माणसानं मोठ्यांदा उच्चारावा असा तो नाही. मी त्याचा फोन मागून घेतो, पाठ फिरवतो आणि स्वतः टाकतो. पोरं म्हणतात, आता कोड दाखवला की झालं, टाकायला लागत नाही. लागू दे.

पाठ फिरवून पासवर्ड टाकताना मला विरजण आठवलं.

आमच्या पलीकडच्या दारात अम्मा राहायच्या. तेलुगू पद्मशाली कुटुंब, पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत बाकी सगळा संसार. आमचं विरजण महिन्यातून दोनदा तरी बिघडायचं. आई ताकाला मोठी आणि विरजण राखण्यात कच्ची. मग मला पाठवायची. मागांच्या मधून जायला हातभर वाट. दोन्हीकडून धोटे सटासट धावायलेत, पायाखाली सुताचा कचरा, हवेत कापसाचा बारीक धूर, नाकात जाणारा, आणि मी वाटी पोटाशी धरून आडवा आडवा सरकायलोय. आत गेलं की अम्मा चुलीपुढून मान वर न करता विचारायच्या,

‘तोडु कावाला?’

मी मान हलवायचो. त्या आमची वाटी बाजूला ठेवायच्या आणि स्वतःच्याच एका वाटीत चमचाभर दही काढून द्यायच्या. दुसऱ्याची वाटी धुतलेली नसते अशी त्यांची खात्री होती आणि ती बरोबर होती. दिवेलागण झाली असेल तर आई मला पाठवायची नाही, तिन्हीसांजेनंतर दही द्यायचं-घ्यायचं नाही म्हणून. अम्मांना तसलं काही नव्हतं. त्या म्हणायच्या, ‘दही काय घड्याळ बघायलंय का रा?’ वाटी परत करताना रिकामी द्यायची नाही, हा मात्र दोन्ही घरांचा नियम. मग शेंगाची चटणी, लाडवाचा अर्धा, काहीच नसलं तर साखर. एकदा आईनं नुसतं मीठ दिलं होतं, त्यावरून चार दिवस थंडपणा होता.

‘तोडु’ म्हणजे विरजण, एवढं मला पुरेसं होतं. परवा एका तेलुगू मित्रानं बोलता बोलता सांगितलं, की तोडु म्हणजे सोबतही. दुधाला सोबत लावतात, मग त्याचं दही होतं. म्हणजे मी मागांच्या खडखडाटातून सरकत जायचो आणि त्या मला इतकी वर्षं विचारत होत्या, सोबत हवी का? आणि मी मान हलवत होतो.

पोरगा फॉर्म भरत नव्हता. आवाज बंद केलेला असला तरी अंगठे सांगतात. गोळ्या चालल्या होत्या. मी काही बोललो नाही. अम्मांनी कधी विचारलं नव्हतं, की कालच्या विरजणाचं काय केलं.

चारच्या सुमाराला लाइट आली. आमच्या गल्लीत लाइट आल्यावर अजूनही पोरं ओरडतात, बिनकामाची, पण ओरडतात. मी यादी उघडून धरली. राउटर जागे व्हायला मिनिट-दोन मिनिटं घेतात. आधी आकड्यांचं नाव आलं. मग सिद्धेश्वर, मागोमाग ५जी सिद्धेश्वर. मग बाकीचे, दुपारची झोप मोडल्यासारखे. पोरगा कधी उठून गेला कळलं नाही. ‘बंद करा’ म्हणाला नाही. रात्री बघितलं तर दीड जीबीतलं जेमतेम पोस्टकार्डाएवढं शिल्लक होतं.

अम्मांचे माग ९७-९८ च्या सुमाराला विकले गेले आणि ते सगळे भिवंडीला मुलाकडे गेले. त्यांची एक वाटी आमच्याकडे राहून गेली. ती परत करायची होती, रिकामी कशी द्यायची म्हणून आई काहीतरी करणार होती, तेवढ्यात ते गेलेही. आई अजून त्याच वाटीनं साबुदाणा मोजते. वाटीच्या कडेखाली नाव टाकलेलं आहे, छिन्नीनं ठिपक्याठिपक्यांनी काढलेलं, तेलुगू अक्षरांत. आमच्यापैकी कुणाला ते वाचता येत नाही. अम्मांचं नाव काय होतं हेही आमच्यापैकी कुणाला माहीत नाही. अम्मा म्हणजे अम्मा. वाटीवर त्यांचं असेल, नाहीतर लग्नात आहेर करणाऱ्या कुणाचं.

नेट असलं आणि फोन समोर धरला, की कुठलीही अक्षरं वाचून दाखवतो. परवा धरला होता. मग आईला साबुदाणा हवा होता म्हणून वाटी दिली.