शाईपुरते गोड पाणी

आपल्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात माझे नाव ज्या अक्षरात लिहिलेले आहे, ते अक्षर माझ्या आजोबांचे आहे. त्याच शाळेच्या 26 वर्षे आधीच्या रजिस्टरात माझ्या वडिलांचे नाव आहे आणि तेही त्याच अक्षरात आहे. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने शालेय जीवनातील आठवणी मागितल्या आहेत. पण घरी ज्यांना मी आबाजी म्हणायचे आणि शाळेच्या फाटकातून आत शिरताच ज्यांना गुरुजी म्हणावे लागायचे, त्यांना बाजूला ठेवून शाळेची आठवण माझ्याजवळ निघत नाही. म्हणून मी त्यांच्याविषयीच लिहिते आहे, मंडळाने सांभाळून घ्यावे.

आबाजी 1951 साली शिक्षक झाले. शाळा तेव्हा जनपद सभेची, म्हणजे त्या काळच्या स्थानिक स्वराज्य संस्थेची होती आणि आपला वऱ्हाड मध्य प्रदेशात होता. पुढे 1956 साली तो मुंबई राज्यात गेला, 1960 साली महाराष्ट्र झाला आणि 1962 साली शाळा जिल्हा परिषदेकडे आली. या अवधीत शाळेचे शिक्के किती वेळा बदलले हे आबाजी बोटांवर मोजून सांगत आणि शेवटी म्हणत की फळा मात्र तोच होता. बदल्यांच्या फेऱ्यांत ते या शाळेत तीनदा आले, शेवटच्या वेळी मुख्याध्यापक म्हणून, आणि इथूनच 30 जून 1989 रोजी निवृत्त झाले.

आपले गाव खारपाणपट्ट्यातले आहे, हे स्मरणिका वाचणाऱ्यांपैकी बाहेरगावी स्थायिक झालेल्यांच्या मुलांना ठाऊक नसेल. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात विहीर खोदली तरी पाणी खारे लागते. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. नळयोजना येण्याआधी पिण्याचे गोड पाणी बंडीवर टिपाड ठेवून लांबून आणावे लागे आणि घरातल्या बायका ते तुपासारखे जपून वापरत. अशा घरात आबाजींना शाईसाठी गोड पाणी लागायचे. खाऱ्या पाण्यात शाईची पुडी नीट विरघळत नाही, निबाला गंज चढतो आणि काही वर्षांनी अक्षर फिके पडते, असा त्यांचा ठाम समज होता. तो शास्त्राला धरून होता की नव्हता हे मी कधी तपासले नाही. सत्र सुरू होण्याच्या सुमारास आजी, जिला आम्ही सगळे माय म्हणायचो, कुरकुरत का होईना पण पितळी फुलपात्रभर गोड पाणी शाईसाठी बाजूला काढून त्यावर झाकण ठेवायची. “गुरुजी, आमच्या घरी मानसाच्या आंधी शाई पानी पेते,” असे ती त्यांना ऐकवायची. हो, तीही त्यांना गुरुजीच म्हणायची. त्यावर आबाजी काही बोलत नसत. एकदा मात्र मी ऐकले, “तुही बी नोंद केली असती त्या शाईनं, पन तुह्या मायबापानं तुले शाळेत कुठं धाडलं?” माय त्या दिवशी बराच वेळ चुलीकडे तोंड करून हसत होती.

नावे दाखल करण्याचे दिवस जूनच्या शेवटाला यायचे, कारण उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा उशिरा उघडतात. व्हरांड्यात टेबल मांडलेले असायचे, त्यावर लाल खारव्याच्या पाठीचे लांबट रजिस्टर, टाक, दौत आणि टीपकागद. समोर पोराचे बखोट धरून उभी असलेली आई. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागतो का, हे आधी पाहिले जायचे आणि मग जन्मतारखेचा प्रश्न यायचा. तारीख कोणत्याच आईला सांगता येत नसे, आणि नेमका इथे आबाजींचा खरा हातखंडा होता. ते टाक खाली ठेवून चौकशीला बसायचे. पोळा झाला होता का? डवरे चालू होते का? पऱ्हाटी पात्यावर होती की बोंडे फुटली होती? पहिल्या वेचणीला तू गेली होतीस की बाळंतपणात घरी होतीस? “पोयाच्या दुसऱ्या दिसी झाला गुरुजी, तान्हा पोया होता आन् नाल्याले पूर आल्ता,” असे उत्तर आले की ते जुने पंचांग काढून वर्ष आणि तिथी जुळवायचे. एवढे करूनही दोन वर्षांच्या मध्ये घोडे अडले, तर पुढचे वर्ष लिहायचे, म्हणजे पोराचे वय कमी लागेल आणि पुढे नोकरीच्या वेळी ते त्याच्या कामी येईल.

मी आज एका तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकला देण्याचे काम करते, त्यामुळे गावोगावच्या शाळांची रजिस्टरे आणि त्यांचे उतारे माझ्या नजरेखालून जातात. कित्येक ठिकाणी पानेच्या पाने 1 जुलै या एकाच तारखेने भरलेली असतात, जणू सगळे गाव एकाच दिवशी जन्माला आले. आपल्या शाळेच्या रजिस्टरात 1 जुलै आहे, पण ती जिथे आईला काहीच आठवले नाही तिथेच आहे. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गातल्या माणसाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आपल्या पंचक्रोशीतल्या अनेकांचा तो पुरावा म्हणजे आबाजींच्या हातची एक ओळ आहे. प्रस्तावाच्या गठ्ठ्यात आपल्या शाळेचा उतारा निघाला की शाळेचे नाव वाचण्याआधीच मला ‘एकोणीसशे’मधला ‘श’ ओळखू येतो; त्याची गाठ ते जरा मोठी काढत. अक्षर अजून फिके पडलेले नाही.

त्यातला शेऱ्याचा रकाना तर मला धड्यासारखा पाठ आहे. ‘सालदारीस राहिला.’ ‘आईसोबत वेचणीस जाते, नाव कमी केले.’ 1972 च्या दुष्काळाच्या पानावर ‘पालक खडी फोडण्याच्या कामावर गेले.’ आणि यांतल्या काही नावांपुढे, महिन्या-दोन महिन्यांनी, त्याच शाईत ‘पुनःप्रवेश’. हा शब्द लिहिण्यासाठी आबाजींना संध्याकाळी किती धुरे तुडवावे लागले, हे रजिस्टरात नाही. मायला मात्र ठाऊक होते, कारण त्यांच्या धोतराला चिकटलेली कुत्र्या गवताची कुसळे आणि गोखरू तीच काढत बसायची.

आता घरची गोष्ट. माझ्या वडिलांचा जन्म 1954 सालचा. 1960 साली आबाजींनी त्यांचे नाव याच शाळेत घातले आणि जन्मतारीख लिहिली ती अगदी खरी, कारण त्या रात्री ते स्वतः घरी होते आणि सुईणीने हाक दिल्यावर त्यांनी पंचांगाच्या पानावर वेळसुद्धा टिपून ठेवली होती. पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी बाबा एका भरतीला गेले, तेव्हा वयोमर्यादेला ते 23 दिवसांनी जास्त भरले. त्याच रांगेत, बाबांच्याच बाकावर शिकलेला आणि वयाने त्यांच्यापेक्षा मोठा असल्याचे साऱ्या गावाला माहीत असलेला त्यांचा एक सोबती होता. त्याच्या आईला साल सांगता आले नव्हते, म्हणून आबाजींनी त्याला पुढचे वर्ष दिले होते. तो लागला.

बाबांनी त्या दिवशी घरी येऊन विचारले, की साऱ्या गावाच्या पोरांसाठी मोकळा असलेला हात माझ्याच वेळी का आखडला? आबाजींचे उत्तर मायने मला पुष्कळदा सांगितले आहे. “त्याईचं मले ठाऊक नोतं, म्हून अंदाज केला. तुहं ठाऊक होतं. ठाऊक असल्यावर अंदाज कसा करू?” मला हे म्हणणे पटते, पण मी बाबांच्या जागी असते तर ते पटले असते, असे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. बाबा सहा एकरांच्या खारवट, कोरडवाहू वावरात राबू लागले आणि पुढची दोन वर्षे बापलेकांचे बोलणे कामापुरतेच राहिले.

तो अबोला कधी सुटला याबद्दल घरात एकमत नाही. माय सांगायची ती हकीकत अशी. कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकण्याचे ते दिवस होते आणि केंद्रावर बंड्यांची रांग लागली की मोजमापाचा नंबर येईपर्यंत रात्र तिथेच काढावी लागे. एका थंडीत बाबा बंडी घेऊन तसेच अडकले होते. शाळा सुटल्यावर आबाजी सायकलच्या हँडलला भाकरी आणि झुणक्याचे गाठोडे टांगून दहा कोसांची वाट काढत तिथे पोचले. ते बोलले काहीच नाहीत, बंडीच्या दांडीला कंदील अडकवून बैलांजवळ बसले आणि बाबांना म्हणाले, “तू नीज.” बाबा कापसावर झोपले. पहाटे बंडी पुढे सरकवायची वेळ आली तेव्हा पन्नाशीला आलेले गुरुजी बैलांची वेसण धरून चालत होते, आणि रांगेतले त्यांचे जुने विद्यार्थी बाजूला होऊन वाट देत होते. नंबर मोडला म्हणून पुढे त्यावर तक्रारही झाली, आणि आबाजींनी बंडी परत आपल्या जागी नेऊन उभी केली. बाबा सांगतात, की मला राग आला तो त्या वेळी, आणि हसूही त्याच वेळी आले.

माझ्या वाट्याला आलेले आबाजी निराळे होते, तरी तारखेच्या बाबतीत तेच होते. माझ्या बरोबरीच्या मुली 1985 साली पहिलीत गेल्या; मला वयाला 11 दिवस कमी पडत होते, म्हणून मुख्याध्यापकांच्या नातीला आणखी एक वर्ष घरी बसावे लागले. मी व्हरांड्यात लोळण घेतली, पण उपयोग झाला नाही. त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला, माझी समजूत काढण्यासाठी असेल, आबाजींनी सुताराकडून आणलेला लाकडी नंदी स्वतः रंगवायला घेतला. रंग आणायचा राहिला होता, तेव्हा दौतीतली उरलेली शाई त्याला फासली. मी निळाशार बैल दोरीने ओढत गावभर फिरले, लोक हसले, आणि सरपंचांनी माझ्या हातावर दोन नाणी जास्त ठेवली. माझे हात आठवडाभर निळे होते. पुढच्या वर्षी माझे नाव रजिस्टरात चढले तेव्हा आजीने झाकून ठेवलेले फुलपात्र शाळेत नेण्याचा मान मला मिळाला होता.

आबाजी 2011 साली गेले. तेरवी उरकल्यावर मायच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद भरायला बाबा आणि मी बसलो. सेवापुस्तकात आबाजींची जन्मतारीख 1 जुलै 1931 होती. त्यांची आई तर म्हणायची की पोरगा शिमग्यात झाला. मनात किडा वळवळत होता, म्हणून मी त्याआधीच आमच्या कक्षातले त्या सालचे कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, उघडून पाहिले होते. त्यात बाळाचे नाव नसते. बापाचे नाव, गाव, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढेच असते. आमच्या पणजोबांच्या नावापुढे मुलगा होता आणि तारीख मार्चच्या पहिल्या आठवड्यातली होती.

मी हे बाबांना सांगितले. ते बराच वेळ सेवापुस्तकाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “म्हंजे मास्तरले बी कोन्या मास्तरनं चार महिने बक्षीस देल्ले होते.” आणि इतके मोठ्याने हसले की माय स्वयंपाकघरातून बाहेर आली. आबाजींना हे ठाऊक होते का, हा प्रश्न मी विचारला नाही.

कागदावर काय लिहायचे, हे ठरलेलेच होते. सेवापुस्तकाशी जुळले नाही तर मायचे पेन्शन अडकले असते. बाबांनी पेन घेतले, अंकी तारीख लिहिली आणि अक्षरीच्या रकान्यात ‘एक जुलै एकोणीसशे एकतीस’ असे सावकाश लिहिले. ‘श’ची गाठ मोठी आली.

“बराबर लिवलं ना?” मायने विचारले.

“बराबर,” बाबा म्हणाले.