आमची वाटचाल : वड्यापासून आप्प्यांपर्यंत

आमच्या धंद्याची सुरुवात वड्याने झाली, हे आधीच सांगून टाकते. शाळांच्या कॅन्टीनमध्ये पौष्टिक खाऊ देणाऱ्या काकू म्हणून हल्ली लोक मला ओळखतात, पालकसभेला बोलावतात, नारळ आणि शालसुद्धा देतात. पण २००९ साली ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पहिली कढई चढली ती बटाटेवड्यांची. यांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली होती, मुलगी चौथीत होती, आणि सासूबाई आलं-लसूण-मिरची खलबत्त्यात कुटून वडा करायच्या. मिक्सरला हात लावू द्यायच्या नाहीत. सकाळी पोळीभाजीचे डबे, संध्याकाळी वडे, श्रावणात उपासाचं. एवढ्यावर तीन वर्षं निघाली.

२०१२ साली एका शाळेचं कॅन्टीन चालवायला मिळालं. आधीचा माणूस भाडं थकवून गेला होता, म्हणून आमची वर्णी लागली. अनामत भरायला माझ्या दोन बांगड्या गेल्या. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी मात्र वर्षाला १०० रुपयांत झाली, त्याचं तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं.

त्या काळात आम्ही काय विकत होतो ते लपवण्यात अर्थ नाही. वडापाव, समोसा, वेफर्स, आंब्याचं पेय, बाटलीबंद शीतपेय. एका कंपनीने फ्रीज फुकट दिला होता, अट एकच, त्यात फक्त त्यांच्याच बाटल्या ठेवायच्या. वेफर्सच्या पाकिटाची सोय तर धंदा करणाऱ्यालाच कळेल. चिरायचं नाही, तळायचं नाही, आज उरलं तर उद्या विकता येतं. उपमा उरला की तो संध्याकाळी आपणच खायचा. महिन्याचं भाडं पाकिटांवर सुटायचं आणि वड्यावर आमचं घर चालायचं.

मे २०१७ मध्ये राज्य सरकारचा निर्णय आला. शाळेच्या कॅन्टीनमध्ये चिप्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर, केक बंद, त्याऐवजी पोळी-भाजी, खिचडी, राजमा-भात, इडली असलं काही ठेवा. मुख्याध्यापिकांनी बोलावून कागद पुढे सरकवला. ‘‘जूनपासून हे, काकू.’’ मी हो म्हणाले. नाही म्हणून सांगणार कोणाला?

जूनमध्ये आम्ही मोठ्या उत्साहाने उपमा, खिचडी आणि धिरडी सुरू केली. पहिल्या आठवड्यात रोज चार-पाच किलो उपमा परत यायचा. मुलं गेटबाहेरच्या टपरीवर जायला लागली, आणि टपरीवाल्या भाऊंनी मला हसत हसत सांगितलं की वहिनी, तुमचं बंद झाल्यापासून आमचा वेफर्सचा खप दुप्पट झालाय. मी घरी येऊन रडले. मुलांना चांगलं खायचंच नाही, असं म्हणून मोकळी झाले.

हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन कॅन्टीनच्या खिडकीपाशी उभे राहिले. कंपनीत यांनी वीस वर्षं लाइनवर काम केलं होतं, एका नगाला किती सेकंद लागतात हे मोजायची सवयच. संध्याकाळी त्यांनी कागदावर हिशेब मांडला. मधली सुट्टी २० मिनिटांची. त्यातली ४ मिनिटं मुलांची जिने उतरण्यात जातात. उरली १६. खिडक्या तीन, मुलं साधारण २४०, म्हणजे एका खिडकीवर ८०. एका मुलाच्या वाट्याला येतात १२ सेकंद. त्यातच पैसे द्यायचे, सुटे घ्यायचे. धिरड्याला तव्यावर तीन मिनिटं लागतात. वेफर्सचं पाकीट तीन सेकंदांत हातात पडतं.

मुलांना धिरडं आवडत नव्हतं असं नव्हतंच. रांगेत उभं राहून धिरडं हातात येईपर्यंत घंटा व्हायची. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. पुढे जे काही केलं ते त्या १२ सेकंदांत बसवायचं म्हणून केलं.

म्हणजे पदार्थ घंटेच्या आधी तयार हवा, निवला तरी चवीला बरा हवा, एका हातात धरून पळता यायला हवा. यावर सासूबाईंनीच तोडगा काढला, आप्पे. २४ खळग्यांची बिडाची आप्पेपात्रं चार घेतली. तांदूळ आणि उडीद आधीपासून होते, त्यात मूगडाळ वाढवली, किसलेलं गाजर, भरपूर कोथिंबीर. ओल्या नारळाची चटणी दुपारपर्यंत आंबते, म्हणून शेंगदाण्याची सुकी चटणी. पाच-पाच आप्पे द्रोणात भरून, वर ओलं फडकं टाकून, घंटेआधी खिडकीत मांडून ठेवायचे. कूपन आदल्या दिवशीच विकायचं, म्हणजे सुट्या पैशांची भानगड नाही. दोन महिन्यांत आप्प्यांनी वड्याला गाठलं.

तरी वडा सोडवत नव्हता. ‘‘घरचं तेल आहे, ताजं आहे, काय होतंय?’’ असं मीच म्हणायचे. मग एकदा यांनी कढईतलं तेल वजनकाट्यावर ठेवलं. तळण्याआधी बरोबर ५ किलो. १५० वडे काढून तेल निवल्यावर पुन्हा ठेवलं, ३ किलो ९५०. म्हणजे १ किलो ५० ग्रॅम तेल गेलं. थोडं झाऱ्याला, थोडं कागदाला गेलं असं धरलं तरी वड्यामागे ७ ग्रॅमच्या आसपास. एका ग्रॅम तेलाच्या ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलाच्या ६३. बटाटा, बेसन आणि पाव वेगळेच, आणि एका वड्यावर थांबणारा मुलगा मी तरी पाहिलेला नाही. आप्प्यांच्या एका घाण्याला ब्रशने १० ग्रॅम तेल लागतं, म्हणजे पाच आप्प्यांच्या द्रोणात जेमतेम दोन ग्रॅम. सासूबाई काट्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘वडा शुक्रवारीच करायचा. आणि लहान वळायचा.’’ तेव्हापासून तसंच आहे. शुक्रवारी तळलेलं तेल पुन्हा वापरत नाही, वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांना देतो.

आमची सगळ्यात मोठी फजिती मात्र पौष्टिकपणातच झाली. २०१९ साली आम्ही नाचणीची बिस्किटं काढली. बरणीवर ठळक अक्षरात ‘पौष्टिक नाचणी’. पालक खूश, शाळा खूश, टिकतातही पंधरा दिवस. पालकसभेत एका मुलीची आई आली, ती आहारतज्ज्ञ.

‘‘काकू, किलोभर पिठाला साखर किती घालता?’’

मी अभिमानाने सांगितलं, ‘‘सहाशे ग्रॅमच. बाहेर जास्त घालतात.’’

‘‘आणि तूप?’’

‘‘वनस्पती, अर्धा किलो.’’

तिने मोबाइलवर काहीतरी मोजलं, आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, ‘‘काकू, यात निम्म्याहून जास्त साखर आणि तूप आहे. नाचणी रंगापुरती.’’ चारचौघांत बोलली नाही, याचे उपकार मी विसरणार नाही. बिस्किटं दुसऱ्या दिवशी बंद केली. बरणीत आता खारे शेंगदाणे असतात, तेही मीठ बेताचं घालून. चिक्कीचंही तसंच आहे. गुळाची असली तरी गूळ म्हणजे साखरच, तेव्हा तुकडा लहान ठेवतो.

त्याच बाईंनी पाकिटामागचं वाचायला शिकवलं. आमच्याकडे पूर्वी खपणाऱ्या आंब्याच्या पेयावर १०० मिलीला १३ ग्रॅम साखर छापलेली होती. २०० मिलीच्या डबीत २६. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. २००० कॅलरी खाणाऱ्याला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एक डबी प्यायली की दिवसाचा कोटा संपला. त्या डब्या आम्ही पाच वर्षं विकल्या. आता ताक असतं, जिरं-पुदिना घालून, आणि कोकम सरबत, त्यात साखर निम्मी. ताकाला पहिल्या वर्षी मुलांनी नाकं मुरडली. उन्हाळा लागल्यावर प्यायला लागली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्हीही. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत विलगीकरणात असलेल्या घरांना डबे पोचवून वर्ष काढलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आठवीपासूनचे वर्ग उघडले तेव्हा गोखले रोडवरचे ओळखीचे गणवेशवाले म्हणाले, ‘‘वहिनी, आठवीच्या पोरांना दहावीचं माप लागतंय.’’ खिडकीतून आम्हालाही दिसत होतं. दीड वर्ष घरात, मोबाइलसमोर, येता-जाता डबा उघडून.

याच सुमारास शाळांसाठीचे एफएसएसएआयचे नियम लागू झाले. चरबी, साखर, मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. नियम चांगला आहे. पण आमच्या गेटपासून टपरी किती मीटरवर आहे हे मोजायला टेप घेऊन आलेला माणूस मी काही पाहिला नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी सांगायला लाज वाटते. आठवीतला एक मुलगा होता, अंगाने भरलेला. त्याचे वडील एकदा भर रांगेत म्हणाले, ‘‘मावशी, याला फक्त ताक द्या, बाकी काही देऊ नका.’’ मुलं हसली. आमच्या वाढणाऱ्या ताईही हसल्या, आणि त्या त्याला आधीपासूनच ‘गोलू’ म्हणायच्या, प्रेमाने. मीही कधी अडवलं नव्हतं. तो मुलगा नंतर महिनाभर खिडकीकडे फिरकला नाही. एका दुपारी मला तो कोपऱ्यावर दिसला. भिंतीकडे तोंड करून, दप्तर पाठीवर तसंच, दोन वडापाव एकामागून एक, चावल्या न चावल्यासारखे खात होता.

त्या दिवसापासून आमच्या खिडकीवर कोणाच्याही अंगावरून एक शब्द निघत नाही. जाड नाही, काडी नाही, ‘तब्येत छान झाली’ हेसुद्धा नाही. वडिलांना काही सांगायचं असेल तर त्यांनी दुपारी तीननंतर यावं, मुलाला न घेता. तो मुलगा परत आला. ताक घेत नाही, आप्पे घेतो. बरं झालं.

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं, रागावू नका. मुलाचं वजन वाढलं की बोट पहिल्यांदा कॅन्टीनकडे जातं. पण सव्वासहाच्या बसला पोर उपाशीपोटी चढतं, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, मैदान होतं तिथे गाड्या उभ्या. रोज तासभर तरी मुलांची पळापळ व्हायला हवी म्हणतात, ती होणार कधी? नववी-दहावीच्या कितीतरी मुली सकाळपासून काहीच न खाता साडेनऊला आमच्याकडे येतात. म्हणून नुसतं ‘कमी द्या’ म्हणून भागत नाही, पोट भरेल असंही द्यावं लागतं. सरकारी पोषण आहारात सहावी ते आठवीच्या एका जेवणाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं धरतात. आम्ही मधल्या सुट्टीच्या खाऊला त्याच्या निम्मं धरतो, त्यासाठी मटकीची उसळ आठवड्यातून दोनदा असते. जूनच्या दमट हवेत मटकी एकदा चिकट झाली आणि अख्खं पातेलं ओतून द्यावं लागलं, तेव्हापासून पावसाळ्यात मोड फ्रीजमध्ये आणतो. हो, फ्रीज आता आमचा स्वतःचा आहे. अंड्यांना मात्र संस्थेने परवानगी दिली नाही. एवढं स्वस्त आणि सोपं प्रथिन, पण असो.

२०२३ साली ते पहिलं कॅन्टीन हातातून गेलं. शाळेने भाडं जवळजवळ दुप्पट मागितलं. पाकिटं विकली असती तर परवडलं असतं, आप्प्यांवर नाही परवडलं. ज्याला मिळालं त्याच्याकडे आता काय विकतात ते मी बघायला गेले नाही. महिनाभर आप्पेपात्रं माळ्यावर होती. मग ऐरोलीच्या एका शाळेने बोलावलं, पाठोपाठ घोडबंदर रोडच्या एका शाळेने. दोन्हींशी करारात लिहून घेतलंय की भाडं ठरलेलं, आणि पाकिटबंद काही विकणार नाही, मागितलं तरी. आज आम्ही अकरा जण आहोत, त्यातल्या नऊ बायका. भाजी अजूनही जांभळी नाक्यावरून येते, धान्य वाशीच्या दाणाबाजारातून. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, मसाला अजून चाखून बघतात.

२०२५ साली सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. कोणत्या पेयात किती साखर ते भिंतीवर लिहायचं. आमच्या एका शाळेत मुलांनी चमचे चिकटवून फलक केला, झकास झालाय. पण मला आनंद झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. यांचा तो जुना कागद मी त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना दाखवला, १२ सेकंदांचा. त्यांनी दोनदा वाचला, वेळापत्रक मागवलं आणि पेन्सिलीने काहीतरी खोडलं. जूनपासून त्यांची मधली सुट्टी ३० मिनिटांची होणार आहे. धिरड्यांचा मोठा तवा आम्ही परवाच आणला, अजून कागदात गुंडाळलेला आहे.