पोर्तुगीजमधली नाताळकार्डं: यंदा कुठवर आले

पोर्तुगालची कार्डं नोव्हेंबरातच रवाना झाली, ब्राझीलची त्यांच्या पाठोपाठ. मोझांबिकचं एकुलतं एक अजून टेबलावर पडून आहे, त्याबद्दल पुढे सांगते. यातली बरीच मंडळी पोस्टक्रॉसिंगमधून, म्हणजे जगभरच्या अनोळखी लोकांशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण करण्याच्या उपक्रमातून, ओळखीची झाली. तिथे पत्ता कुणाचा निघेल हे आपल्या हातात नसतं. कार्ड पोचल्याची नोंद झाली की आपला पत्ता तिसऱ्याच कुणाला जातो. पण ज्यांच्याशी सूर जुळला त्यांना नाताळात थेट पाठवता येतं. हा उद्योग 2005 साली पाउलो मागाल्याइंश या पोर्तुगीज तरुणाने सुरू केला, त्यामुळे पोर्तुगीजमधून लिहिणं म्हणजे मूळ गावी जाऊन आल्यासारखं वाटतं मला.

यंदा निश्चय केला होता की 'फेलिश नाताल इ प्रॉश्पेरु आनु नोवु' (आनंदी नाताळ आणि भरभराटीचं नवं वर्ष) एवढंच लिहून कुणाला पाठवायचं नाही. ओळ बरोबर आहे, पण बँकेच्या कॅलेंडरवर छापायला बरी. समोरचा माणूस आपला कोण, हे तिच्यात कुठेच दिसत नाही. ते दिसतं 'मी इच्छिते' या क्रियापदाला चिकटणाऱ्या छोट्याशा शब्दात. पोर्तुगालमधल्या सत्तरी ओलांडलेल्या बाईंना आदराचं 'देझेजु-ल्ये', त्यांच्या नातीला जवळिकीचं 'देझेजु-त'. ब्राझीलमध्ये तोच शब्द उडी मारून क्रियापदाच्या आधी येतो, निदान घरगुती लिहिण्यात तरी.

ती. आणि चि. लिहीत वाढलेल्या माणसाला हे जड जाऊ नये. गोची होते ती 'वोसे' (तू किंवा तुम्ही) या सर्वनामापाशी. ब्राझीलच्या बहुतेक भागांत हे रोजचं, सरळ संबोधन. पोर्तुगालमध्ये मात्र वयस्कर माणसाला ते उद्धट वाटू शकतं. तिथले लोक सर्वनामच गाळतात आणि क्रियापदावर भागवतात, किंवा सरळ 'अ सिन्योरा', म्हणजे बाईसाहेब, म्हणतात. भाषांतराचं यंत्र हे भान ठेवीलच असं नाही. त्याने दिलेला मजकूर बहुधा ब्राझीलच्या वळणाचा असतो, तो लिस्बनच्या आजींना पाठवण्याआधी एकदा तपासा.

शेवटच्या ओळीचंही तसंच. मैत्रिणीला 'बैझिन्युश' (गोड पापे), पुरुषाने पुरुषाला लिहिताना 'उं अब्रासु' (एक मिठी). 'कुं उश मेल्योरिश कुंप्रिमेंतुश' (सादर नमस्कारांसह) व्याकरणात चोख आहे, पण तो अर्जाखालचा मायना. आभार मानताना बाई 'ओब्रिगादा' लिहिते आणि पुरुष 'ओब्रिगादु'. कार्ड कुणाला चाललंय याच्याशी त्याचा संबंध नाही, लिहिणारा कोण एवढंच बघायचं. देवाधर्माच्या घरी 'सांतु नाताल', पवित्र नाताळ, आवडतं. ज्यांचं काही ठाऊक नाही त्यांना 'बोआश फेश्ताश', सणाच्या शुभेच्छा. ते कुठेही चालतं, गोव्यातल्या जुन्या घरांतही.

आता पत्ता. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि मजाही इथेच येते. पोर्टोच्या एका पत्त्यात घर क्रमांकानंतर 3, त्यापुढे टिंब, वर बारीकसा गोल आणि मग 'एश्क' एवढंच होतं. म्हणजे तिसरा मजला, डावीकडचं दार. उजवीकडच्या दाराला 'दिरैतु'चं लघुरूप लिहितात आणि तळमजल्याला आर तिरकी रेघ सी. बऱ्याच इमारतींत दारांना नंबर नसतात, डावं-उजवं एवढाच पत्ता. तो गोल धूळ समजून गाळू नका. पोर्तुगालचा पिनकोड चार आकडे, आडवी रेघ, तीन आकडे असा असतो आणि त्याच ओळीत पुढे गाव येतं. ब्राझीलचा पाच, रेघ, तीन.

आकड्यांचं वळणही सांभाळायला हवं. तिकडे हाताने लिहिताना एकाला वर ठसठशीत तुरा काढतात आणि साताच्या पोटात अनेकदा आडवी रेघ मारतात. आपला नुसता दांडा असलेला एक त्यांना इंग्रजी आय वाटू शकतो, म्हणून कार्डांवर मीही तुरा आणि रेघ काढते. देशाचं नाव मात्र शेवटच्या ओळीत, ठळक इंग्रजीत. ती ओळ आपल्या टपालखात्यासाठी असते. बाकीची त्यांच्या पोस्टमनसाठी, म्हणून ती त्यांच्याच पद्धतीने.

कार्डं यंदा घरीच फोटो काढून छापून घेतली, मागची बाजू मुद्दाम बिनचकाकीची. चकचकीत कागदावर जेल पेन फरफटतं, मग तिल्डची, म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची, लाट आणि सी या अक्षराखालची शेपटी एकमेकींत मिसळतात. एका कार्डावर दारातला कागदी तारा, दुसऱ्यावर शेजारच्या गल्लीतला गोठा. ब्राझीलला ताराच धाडला. तिथे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. खोटा बर्फ ते स्वतःही सजावटीला लावतात, पण आपण इथून बर्फ कशाला पाठवायचा?

पोर्तुगालला जाणाऱ्या कार्डांवर तारखेच्या ओळीत आधी गाव येतं. तिथे मी 'वसई' लिहून कंसात 'बासाईं' घातलं. 1534 पासून 1739 पर्यंत, चिमाजी अप्पांनी किल्ला घेईतो, त्यांच्या दप्तरात हेच नाव होतं. खाली दोन ओळी कोर्लईबद्दल: रेवदंड्याजवळच्या या गावात पोर्तुगीजमधून निपजलेली बोली आजही घराघरांत चालते. ही माहिती गेली की उलट टपाली चार प्रश्न येतात आणि शुभेच्छांच्या पलीकडे काहीतरी बोलणं सुरू होतं. एकीने बदल्यात बोलु-रै या नाताळच्या केकची गोष्ट कळवली. या गोल, सुक्या फळांनी मढवलेल्या केकात पूर्वी एक वाल दडवलेला असायचा आणि ज्याच्या तुकड्यात तो निघे त्याने पुढचा केक आणायचा. तिच्या घरी हा नियम अजून पाळतात म्हणे.

मोझांबिकचं कार्ड अडलंय ते मजकुरावर. तिथे 25 डिसेंबरच्या सरकारी सुट्टीचं नाव 'दिया दा फामीलिया', कुटुंबदिन. मित्र कुठल्या धर्माचा ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तेव्हा तारा ठेवायचा, 'नाताल' गाळायचं आणि कुटुंबदिनाच्या शुभेच्छा द्यायच्या, असं जवळजवळ ठरलंय. पत्ता पोस्टपेटीचा आहे, त्यामुळे मजले-दारांची भानगड नाही.

ज्यांची कार्डं अजून लिहायची आहेत त्यांनी हातपाय गाळू नयेत. पोर्तुगालचा सण 6 जानेवारीला, तीन राजांच्या दिवशी, आवरतो. जानेवारीत दारोदार जानैराश, म्हणजे नव्या वर्षाची गाणी, गात फिरणारी टोळकीही असतात. वर्ष संपायच्या आत पोचेलसं वाटलं तर 'बोआश एंत्रादाश' (नव्या वर्षात सुखाने पाऊल पडो) लिहा, नंतरचं असेल तर 'बों आनु' (वर्ष चांगलं जावो). उरलेल्या कार्डांवर मी नाताळचा उल्लेखच न करता सरळ 'बों दिया द रैश', तीन राजांच्या दिवसाच्या शुभेच्छा, लिहिणार आहे. त्यातली दोन पोर्तुगालच्या ब्रागा शहराची आहेत. सोमवारी पोस्टात जाऊन हाताने शिक्का मारून घेईन.