कोस्ट सॅलिश रेषेचा सराव: कोर, ट्रायगॉन आणि फिरणारे मासे

मंडळी, कोस्ट सॅलिश, म्हणजे कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी, त्यांच्या चित्रशैलीच्या सरावाची माझी वही मागच्या नोंदीनंतर बरीच पुढे सरकली आहे. वर्तुळ आणि चंद्रकोर (पुढे नुसतं ‘कोर’ म्हणेन) आता हातात बसली, ट्रायगॉन हा तीन टोकांचा आकार बसू लागलाय. आणि चार साल्मन मासे टकळीच्या एका गोल चकतीत फिरवायचे, हे जे मनात धरलं होतं, ते या महिन्यात पहिल्यांदा मनासारखं उतरलं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं मागचं. मी व्हँकुव्हरजवळ राहते. 2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा या किनाऱ्यावरच्या एका सॅलिश चित्रकाराची चित्रं फोनवर बघायला लागले. रोज एक. रुग्णांचे आकडे यायचे त्याच पडद्यावर ते चित्र यायचं आणि दिवस जरा पेलवायचा. हा धीर त्या रेषेत येतो कुठून, हे कळावं म्हणून मी पेन हातात घेतलं.

आता आकारांकडे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरची चित्रकला म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उत्तरेकडच्या हैदा आणि त्लिंगिट लोकांची शैली येते: जाड काळी वाहती बाह्यरेषा, गोलसर चौकोन, यू आकार. 1965 मध्ये अभ्यासक बिल होम यांनी त्या शैलीचं व्याकरण मांडलं आणि अभ्यासकांचं लक्ष तिकडेच गेलं. दक्षिणेकडची सॅलिश शैली कितीतरी वर्षं तिच्या सावलीत राहिली. तिचा पाया मोजक्या आकारांवर आहे: वर्तुळ किंवा लंबगोल, चंद्रकोर, आणि ट्रायगॉन, म्हणजे आत वळलेल्या बाजूंचा तीन टोकांचा आकार. बस्स. एवढ्यातून मासा, गरुड, बेडूक, माणसाचा चेहरा, सगळं उभं राहतं.

सरावात खरा बदल झाला तो लिनो, म्हणजे कोरून ठसे काढायची मऊ लादी, हातात घेतल्यावर. हे आकार मुळात लाकडात कोरलेले आहेत. कोर आणि ट्रायगॉन म्हणजे काढून टाकलेली जागा, उरतं ते माशाचं अंग. पेनाने कोर काढताना आपण तिची कड रेखत बसतो. लिनोवर व्ही आकाराची गाऊज (कोरायची पटाशी) चालवली की कड आपोआप येते, कारण हात पोकळी काढत असतो. काही आठवडे फक्त लिनो केलं, मग परत कागदावर आले आणि रेषेचा दाब बदललेला दिसला. आता कागदावरही आधी सगळं अंग काळं भरते आणि पांढऱ्या गाऊशने (घट्ट जलरंगाने) काप टाकते. ज्यांची कोर केळ्यासारखी जाड येते त्यांनी हे जरूर करून बघा. टोकं बारीक व्हायला लागतात.

ट्रायगॉनची जागा ओळखणं हा यातला सगळ्यात सुंदर भाग. दोन कोरी जवळ आल्या की त्यांच्या टोकांमध्ये एक जड काळा पट्टा साचतो. तिथे ट्रायगॉन कापला की तो पट्टा फाटे फुटल्यासारखा मोकळा होतो आणि नजर पुढे सरकते. माझा साल्मन सध्या असा बनतो: डोळ्याला वर्तुळ, कल्ल्याला एक मोठी कोर, कोरीच्या पोटाशी ट्रायगॉन, मग अंगावर लहान होत जाणाऱ्या कोरींची रांग, आणि शेपटीत दोन लांब कोरी, मधे पुन्हा एक ट्रायगॉन. खवले काढायचा मोह टाळते. त्यांची गरजच पडत नाही.

चकतीविषयी सविस्तर लिहिते, कारण मागे काहींनी विचारलं होतं. सूत कातायची टकळी आपल्याला माहीत आहे. सॅलिश टकळी तिच्याहून बरीच मोठी, लांब दांड्याची, आणि तिची लाकडी चकती साधारण 20 सेंटीमीटर व्यासाची. बहुधा मेपलची. डोंगरी बकऱ्याची लोकर आणि खास पाळलेल्या केसाळ कुत्र्यांचे केस यांचा धागा बायका तिच्यावर कातायच्या. त्या धाग्याची घोंगडी म्हणजे संपत्ती आणि मान. कातणारीच्या समोर येणारी बाजू कोरलेली असे, म्हणजे चकती फिरली की चित्रही फिरणार. म्हणून इथे रचना करताना वर-खाली असं काही धरायचं नाही. मी वर्तुळाचे चार भाग करते, मधलं भोक आधी राखून ठेवते, एकच मासा काढते, त्याची पाठ कडेच्या वळणाला लावते, आणि ट्रेसिंग पेपर फिरवून बाकीचे तीन उतरवते. चार माशांच्या मधल्या जागेत आपोआप चार ट्रायगॉन तयार होतात. ते दिसले त्या संध्याकाळी मी वही भिंतीला टेकवून कितीतरी वेळ बघत होते.

या चकत्यांना आजच्या चित्रकलेत आणण्यात मस्क्विअम या सॅलिश समाजाच्या कलाकार सुझन पॉइंट यांचा वाटा फार मोठा. 1981 मध्ये दागिने घडवायच्या वर्गापासून त्यांनी सुरुवात केली, संग्रहालयांतल्या जुन्या वस्तू बघत स्वतःची भाषा घडवली. व्हँकुव्हर विमानतळावर उतरलेल्या कित्येक मराठी मुलांनी त्यांचं काम पाहिलंय, नाव माहीत नसेल इतकंच: आंतरराष्ट्रीय आगमनाच्या वाटेवर लाल देवदाराची, जवळपास 5 मीटर व्यासाची कोरलेली चकती आहे, ती त्यांचीच. व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कात ब्रॉक्टन पॉइंटला त्यांची तीन प्रवेशद्वारं 2008 पासून उभी आहेत. तिथले प्रसिद्ध कोरीव टोटेम खांब बहुतांशी उत्तरेकडच्या लोकांच्या शैलीतले, जमीन मात्र सॅलिश लोकांची, म्हणून ही दारं मला फार मोलाची वाटतात. आणि रस्त्यावर बघायला विसरू नका. गटाराच्या लोखंडी झाकणांवर बेडकाची अंडी, बेडूकमासे आणि मोठे बेडूक दिसतील. सुझन पॉइंट आणि त्यांची मुलगी केली कॅनेल यांचं हे डिझाइन 2004 च्या स्पर्धेत निवडलं गेलं. संग्रहालयं बंद होती तेव्हा माझी शाळा याच झाकणांवर भरायची.

त्या रोजच्या चित्रांतला धीर मला आता थोडा समजतो. या समुद्राकाठच्या लोकांना साथ नवी नाही. 1780 च्या दशकाच्या सुरुवातीला देवी आल्या आणि गावंच्या गावं ओस पडली. 1792 मध्ये इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरची जहाजं आली तेव्हा देवीचे वण असलेली माणसं त्यांना भेटली. 1862 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या जहाजातून तोच रोग व्हिक्टोरियात उतरला आणि उत्तरेकडे पसरत गेला. मग कायदा आला: 1885 पासून 1951 पर्यंत कॅनडात पॉटलॅचवर बंदी होती, म्हणजे ज्या समारंभांत ही घोंगडी वाटली जायची तेच गुन्हा ठरले. करोनात अमेरिकेची सीमा बंद झाली आणि अलीकडची सॅलिश कुटुंबं पलीकडच्या नातलगांपासून तुटली. 2020 ची होड्यांची सामूहिक यात्राही रद्द झाली. एवढं सगळं झेलून ती कोर आणि तो ट्रायगॉन शिल्लक आहेत, आणि कुणीतरी सकाळी उठून ते पुन्हा काढतंय. मला धीर देणारं हेच होतं.

एक चित्र मात्र मी वहीतच ठेवलंय: दोन्ही तळवे वर केलेला माणूस. इथे आभार मानताना, मान देताना असे हात उंचावतात. हस्तांदोलन बंद होतं त्या काळात ही खूण मनात रुतली. तिच्यातल्या तळव्यांच्या वर्तुळांवर अजून काम चालू आहे.

सरावाचं पान कुठेही विकायचं नाही, टी-शर्टवर छापायचं नाही, कुठल्याही घराण्याचं चिन्ह उचलायचं नाही, हे आपल्या गटात ठरलेलंच आहे. भिंतीवर लावायचं असेल तर सॅलिश कलाकाराचं मूळ प्रिंट घ्या. मी या वर्षी एक घेतलं आणि पैसे साठवून दुसरंही घेणार आहे.

पुढच्या नोंदीत बगळा. लांब मान आणि चोच गोल चकतीत कशी बसवायची हा प्रश्न आहे. मान कडेने वळवून चोच मधल्या भोकाकडे आणावी असं सध्या डोक्यात आहे. सोबत करणाऱ्यांनी 20 सेंटीमीटरचं वर्तुळ आखून मधलं भोक आधी राखून ठेवा, आणि बगळ्याच्या पंखांसाठी लांब कोरींचं एक पान भरून ठेवा. कुणी दुसरी रचना शोधली तर रेखाटन नक्की पाठवा.