सिएरा एवढी आवडते, मग घेत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पूर्वी हा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा यायचा. नोव्हेंबर 2025 मध्ये टाटांची नवी सिएरा गाडी आली आणि तेव्हापासून आठवड्याला एकदा तरी कुणी ना कुणी खांद्यावर थाप मारतंच, "तुमची गाडी आली की हो! आता घ्या की." मेहुण्याने तर मला न विचारता माझ्या नावाने टेस्ट ड्राइव्ह लावून टाकली. त्यामुळे एकदाच सविस्तर सांगून मोकळा होतो.

माझी सिएरा म्हणजे 1991 ची, तीन दारांची. पुढे दोन, मागे एक, आणि त्या मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी. टेल्कोने ही गाडी आपल्याच पिकअपच्या सांगाड्यावर उभी केली. (कंपनीचं नाव 2003 मध्ये टाटा मोटर्स झालं, पण आमच्या चिंचवडात जुनी माणसं अजून टेल्कोच म्हणतात.) टाटामोबाइल 206 ही माल वाहायची गाडी. तिचीच चेसिस, तिचंच 1948 सीसीचं डिझेल इंजिन, आणि वर हे भलतंच देखणं अंग. ताकद म्हणाल तर बेताची. इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो पुढे काही वर्षांनी आला. पण पॉवर विंडो आणि एसी असलेली गाडी पिंपरीत बनते, हीच त्या काळी आमच्या आळीत सांगण्यासारखी बातमी होती. बहुतेकांची मजल स्कूटरपर्यंत, आणि फारच झालं तर मारुती 800 पर्यंत.

आणि ती काच. मागच्या सीटच्या बाजूची काच इतर गाड्यांसारखी खिडकीपाशी संपत नाही. ती वर जाते, वळते आणि छपरात शिरते. एकसंध, आणि न उघडणारी. मे महिन्यात मागे बसणाऱ्याचं भरीत होतं म्हणे, पण मी काही बसलेलो नव्हतो, मी बघणारा होतो. वडील टेल्कोच्या पेंट शॉपमध्ये होते. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरायचे तेव्हा मी स्टॉपवर उभा असायचो, त्यांच्यासाठी कमी आणि रस्त्यावरून काय जातंय त्यासाठी जास्त. एक दिवस बसच्या मागून सिएरा आली. मावळतीचं ऊन त्या काचेवर पडलं आणि खिडकीतून वर छपरात सरकत गेलं. मी नऊ वर्षांचा होतो. धावत जाऊन वडिलांना म्हटलं, आपण ही घ्यायची. ते जेवणाचा डबा माझ्या हातात देत म्हणाले, "दोनच दारं आहेत. आजीला मागे कशी बसवणार?"

किमतीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, हे फार वर्षांनी लक्षात आलं.

तेव्हापासून मला मान वळवायची सवय लागली ती लागलीच. कॉन्टेसा दिसली तर वळते. प्रीमियरची 118 एनई दिसली तर वळते, तिला तर हल्लीची पोरं ओळखतसुद्धा नाहीत, "लाडा आहे का काका?" विचारतात. (लाडा ही रशियन गाडी, पण प्रश्न अगदीच चुकीचा नाही. दोघींचं मूळ एकच, फियाट 124.) मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी होती तोवर तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, मीही नाही. ऑक्टोबर 2023 अखेर शेवटची रस्त्यावरून उतरली तेव्हा सगळे फोटो काढायला धावले. लॅम्बोर्गिनीचं काय, असंही विचारतात. चांगलीच असते. पण ती बघायला नजर लागत नाही. ती आली की अख्खा चौक बघतो, पाणीपुरीवालासुद्धा पुरी हातात धरून थांबतो. सिएरा त्याच चौकातून गेली तर एकटा मी बघतो, आणि ती चालवणारा मला बघताना पाहतो. मग तो हळूच हॉर्न देतो. त्या हॉर्नची किंमत ज्याला कळते त्याला कळते.

आता घेण्याचं. प्रयत्न केलाच नाही असं नाही. 2016 मध्ये एक विकायला असल्याचं कळलं. एजंट म्हणाला, सिंगल ओनर, कागद क्लिअर, एक नंबर कंडिशन. वडिलांना बरोबर घेऊन गेलो. लांबून गाडी झकास दिसत होती, गडद निळी, चकचकीत. मी काचेभोवती प्रदक्षिणा घालत होतो, तोवर वडिलांनी दार उघडलं आणि बिजागरीपाशी बोट फिरवलं. मग दाराच्या कडेचं रबर जरा ओढून बघितलं. रबराच्या आतल्या बाजूला निळ्या रंगाचा धुरळा बसला होता. "मास्किंग न करता मारलाय," म्हणाले, म्हणजे रबर न झाकताच नवा रंग मारलेला. रबराखाली मूळ रंग होता, मरून. मग त्यांनी पायाखालचा कार्पेट उचलायला सांगितला. एजंट पत्र्याविषयी बोलायचा थांबला. गाडी बरीच वर्षं समुद्रकाठी होती. कार्पेटखाली पत्रा होता, पण मारीच्या बिस्किटासारखा. दाबला की मोडणारा.

तरी मी म्हटलं, एक चक्कर मारतो. डिझेल इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबलो, सेल्फ मारला, आणि ती खडखड सुरू झाली, बालपणीचीच. रस्त्याला लागलो तर पुढे खडी भरलेला डंपर. एरवी मी डंपरच्या मागे असलो तर जास्तीत जास्त शिवी देतो. त्या दिवशी घाम फुटला. एक खडा उडाला आणि ती काच गेली तर? ती शोरूमच्या काउंटरवर मिळत नाही. एक तर कुणाच्या तरी भंगारात गेलेल्या सिएराची काढून आणायची, नाहीतर कुणाकडून साचा करून वाकवून घ्यायची, आणि वाकवलेली बसेलच याची खात्री नाही. भोसरीच्या आमच्या मिस्त्रीने आधीच बजावलं होतं, "इंजिनाचं मी बघतो, काचेचं तुम्ही बघा." चार किलोमीटर मी आरशातून मागच्या काचेकडे बघत चालवली. गाडी कशी चालते हे आजही मला सांगता येणार नाही.

आणि त्याच चार किलोमीटरमध्ये जरा गंमत झाली. आत बसलेल्याला सिएरा दिसतच नाही. स्टिअरिंगवर बसलात की समोर असतो साधा डॅशबोर्ड, साधा बोनेट, दुसऱ्या कुठल्याही जाडजूड डिझेल गाडीचा असावा तसा. जिच्यासाठी पंचवीस वर्षं मान वळवली ती काच तुमच्या पाठीमागे. ती बघायला तुम्ही फुटपाथवरच हवेत. टोकन द्यायला खिशात आणलेले पैसे तसेच परत घेऊन आलो.

कागदांचंही एक आहे, तेही सांगून टाकतो. पंधरा वर्षं झाली की पुन्हा पासिंग, वर हरित कर. एप्रिल 2022 मध्येच जुन्या कारच्या नूतनीकरणाची फी 600 वरून थेट 5,000 झाली होती. बरं, व्हिंटेज म्हणून नोंदवावी तर नियम 50 वर्षांचा. म्हणजे पहिल्यावहिल्या सिएराचा नंबर लागणार 2041 मध्ये. तोवर ती धड जुनी नाही आणि धड नवी नाही. माझ्यासारखीच आहे म्हणा ना.

मेहुण्याने लावलेल्या टेस्ट ड्राइव्हला गेलो होतो, त्याचा मान राखायचा म्हणून. नवी गाडी उत्तम आहे, खोटं कशाला बोलू. मागे दोन दारं आहेत, आजी आरामात बसली असती. आणि तिथेच अडलं. दार आलं म्हणून ती एकसंध काच गेली. काळ्या रंगाने तसा भास केलाय, छान केलाय, पण ऊन खिडकीतून छपरात सरकत नाही. सेल्समनला हे सांगितलं तर त्याने पॅनोरमिक सनरूफ उघडून दाखवलं. बिचारा पंचविशीचा होता.

परवा वडिलांना घेऊन ताम्हिणी घाटातून चाललो होतो. वडील आता अठ्ठ्याहत्तर. एका चहाच्या टपरीपाशी मरून रंगाची सिएरा उभी. मी ब्रेक कधी दाबला ते कळलं नाही. मालक माझ्याएवढाच, भजी खात होता. म्हणाला, बघा की, दार उघडंच आहे. मी काचेकडे गेलो. कडेचं रबर भेगाळलेलं, आतल्या फिल्मला बारीक फुगे आलेले, आणि वरच्या वळणावर, जिथे खिडकी संपून छप्पर सुरू होतं तिथे, पावसाचे थेंब थबकून मग घरंगळत होते. वडील नेहमीप्रमाणे दारापाशी. बिजागरी, कड, रबराची आतली बाजू. चष्मा वर करून पुन्हा एकदा बघितलं.

"हा आमचा रंग आहे," म्हणाले.

मालक भजी खायचा थांबला. त्याने वडिलांना बसायला स्टूल दिलं आणि आणखी तीन चहा सांगितले.