नानांचा अमेरिकेतला मुतखडा आणि जळगावातून केलेला क्लेम

नाना न्यू जर्सीला ताईकडे असताना त्यांना मुतखड्याच्या कळा आल्या, इमर्जन्सीत न्यावं लागलं. क्लेमचं सगळं काम मी जळगावातून केलं. परदेश प्रवासाची पॉलिसी नाना निघण्याआधी काढलेली होती म्हणून हे जमलं. इथली नेहमीची मेडिक्लेम बहुतेकदा भारताबाहेर चालत नाही.

पहिलं काम फोनचं. पॉलिसीवरचा चोवीस तासांचा नंबर बहुधा विमा कंपनीनं नेमलेल्या असिस्टन्स कंपनीचा असतो. तिथून केस नंबर घ्यायचा आणि पुढच्या प्रत्येक मेलच्या विषयात तो टाकायचा. फोन इथूनही करता येतो. पेशंट ॲडमिट झाला तर असिस्टन्सवाले हॉस्पिटलला पैशांची हमी देणारं पत्र पाठवतात आणि कॅशलेस त्यावरच होतं. इमर्जन्सीतूनच घरी सोडलं, तर बहुधा आधी आपण भरायचं, मग मागायचं. काउंटरवर भारतीय पॉलिसी कुणी ओळखत नाही, ‘सेल्फ पे’, म्हणजे स्वतः पैसे भरणारा, असं लिहून मोकळे होतात. त्यानं उपचार अडत नाहीत. १९८६ च्या कायद्याप्रमाणे इमर्जन्सीत आलेल्याला तपासून स्थिर करणं तिथल्या हॉस्पिटलांना भागच आहे.

खरा घोळ बिलांचा. हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीच्या डॉक्टरचं वेगळं, सीटी स्कॅन वाचणाऱ्याचं वेगळं, ॲम्ब्युलन्सचं आणखी वेगळं. आणि ती आठवडोन्‌आठवडे टपालानं येत राहतात. नाना भुसावळला उतरून घरी पोचले तरी पाकिटं ताईकडे चालूच होती. त्या कागदावर नुसती एकूण रक्कम असते, तेवढ्यावर क्लेम होत नाही. ‘डिटेल बिल द्या’ म्हटलं की भलतंच काही हातात पडतं, म्हणून फॉर्मचं नाव घेऊनच मागावं: हॉस्पिटलकडून यूबी-०४, डॉक्टरकडून सीएमएस-१५००. आजाराचे आयसीडी-१० कोड आणि उपचाराचे कोड त्यांतच असतात. वैद्यकीय माहिती कंपनीला द्यायला परवानगी देणारा फॉर्मही पेशंटच्या सहीनं लागतो. तो निघण्यापूर्वीच सही करून ताईकडे ठेवलेला बरा.

कंपनीचा डॉक्टर पहिल्यांदा हिस्ट्री वाचतो. ‘किती दिवसांपासून दुखतंय, आधी कधी झालं होतं का’ असं नर्स विचारते आणि उत्तर जसंच्या तसं रेकॉर्डला जातं. घरचे चार जण चार अंदाज सांगतात. तसं करू नये, माहीत असेल तेवढंच खरं सांगावं. बीपी, शुगर पॉलिसी घेताना भरायच्या प्रपोजल फॉर्ममध्ये लिहिलेलीच हवी. आमच्याकडे फॅमिली डॉक्टरचं पत्र आणि जुने कागद मागितले. नानांची आदल्या वर्षीची सोनोग्राफी फाइलमध्ये होती, तिच्यात खडा नव्हता. जुना आजार म्हणून क्लेम नाकारायला मग जागाच उरली नाही.

बाकी कागद: क्लेम फॉर्म, डिस्चार्ज समरी, पैसे भरल्याच्या पावत्या, बोर्डिंग पास, पासपोर्टची पानं. अमेरिका निघताना शिक्का मारत नाही, तेव्हा आपल्या इमिग्रेशनचे जाता-येताचे शिक्के नीट दिसतील अशी झेरॉक्स काढावी.

बिल ताईच्या कार्डानं भरलेलं असलं तरी पैसे विमाधारकाच्या इथल्या खात्यात, रुपयांत येतात. सहकारी बँकेच्या चेकवर नाव छापलेलं नसेल तर पासबुकाचं पहिलं पान जोडावं. पासपोर्टवर नामदेव आणि पासबुकावर नामदेओ, एवढ्यावरूनही रक्कम परत जाते. डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, आधीच वजा होतं, आमच्या पॉलिसीत ते १०० डॉलर होतं.

क्लेम अडला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जावं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर जळगाव-धुळ्यासाठी पुण्याचा विमा लोकपाल आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मधल्या काळात ताईनं प्रत्येक बिलिंग ऑफिसला फोन करून ‘क्लेम चालू आहे, खातं होल्डवर ठेवा’ असं नोंदवून घेतलं होतं. तसं केलं नाही तर थकलेलं बिल वसुली एजन्सीकडे जाऊ शकतं.